दाराशी माणूस हवा

जहाजाची कल्पना माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमची लेक आहेच सगळीकडे सांगत सुटायला, की बाबा बिचारे कुठे जायला निघाले होते, आईनेच हट्ट केला. केला हट्ट. एकतीस वर्षं संसार ओढल्यावर बाईमाणसाने एक हट्ट करू नये का?

आमचे हे लिफ्टचे मिस्त्री. बसवणारे नव्हेत, दुरुस्तीवाले. चौतीस वर्षं एकाच कंपनीत. शहरात कुठेही लिफ्ट बंद पडून आत माणूस अडकला की यांचा फोन वाजणार आणि हे उठणार. जेवत असले तर तसेच हात धुवून, झोपले असले तर शर्ट उलटा घालून. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या एकाही फोटोत हे सापडायचे नाहीत. लेकीच्या शाळेत पालकांना बोलावलं की मी एकटी हजर. तिच्या बाई एकदा म्हणाल्या, "वडील परगावी असतात वाटतं?" मी म्हटलं, "नाही हो, इथेच असतात, दोन मजल्यांच्या मधे."

आणि हे सगळं मी चालवून घेतलं, कारण कुणीतरी अडकलेलं असायचं. अडकलेल्या माणसापुढे बायकोने काय बोलावं? बोललं तर आपणच दुष्ट. माझ्या पित्ताशयात खडे झाले, ऑपरेशन ठरलं, त्या दिवशीसुद्धा मला आत नेलं आणि हे कॉलवर गेले. शुद्धीवर आले तर उशाशी नणंद बसलेली. म्हणाली, "वहिनी, कुणीतरी अडकलंय म्हणे, दादा गेलाय." माझा घसा कोरडा पडलेला, शब्द फुटेना, तरी मी मान हलवली की बरोबर आहे, जायलाच हवं. इतकी मी शहाणी!

यांच्या कामाची एक पद्धत आहे, ती सांगायला हवी. अडकलेला माणूस काढायला दोघं लागतात. एकाने वर मशीनपाशी जायचं, मेन स्विच बंद करायचा, हाताने ब्रेक जरा जरा सोडत लिफ्ट मजल्याला आणायची. दुसऱ्याने दाराशी उभं राहायचं. दाराशी उभ्या असलेल्याला तसं काम काहीच नसतं, फक्त आतल्या माणसाशी बोलत राहायचं. नवीन पोरांना ते कमीपणाचं वाटतं. हे मात्र कायम दाराशी. मशीनवर कुणीही चढेल म्हणतात, दाराशी माणूस हवा. दारावर तीनदा ठोकायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. आत किती जण? सगळे बरे आहेत? किती वेळ झाला? आणि मग यांचं ठरलेलं वाक्य: "मी इथेच आहे. कुठे जात नाही."

दाराशी हे काय बोलतात, ते मला यांनी सांगितलेलं नाही. मला बाजारात बायका गाठून सांगतात. "तुमचे मिस्टर किती छान बोलतात हो! पाऊण तास अडकले होते, पण कळलंसुद्धा नाही. माझ्या सुनेची चौकशी केली, गुडघ्याचं विचारलं." मी ऐकतच राहायचे. कोण, आमचे? अहो, घरात हा माणूस 'मीठ' एवढंच बोलतो. तेही कमी असलं तर. जास्त असलं तर तेवढंही नाही. मी दिवसभर मशीनवर बसून लोकांचे पडदे शिवते, संध्याकाळी वाटतं की कुणाशी तरी दोन शब्द बोलावेत, तर समोर हे. मी अर्धा तास बोलले की म्हणणार, "बरं." कसलं बरं? काय बरं? पालथ्या घड्यावर पाणी.

या वर्षी यांना साठ पूर्ण झाली. सुटलो म्हणेपर्यंत साहेबांनी बोलावलं, आणखी दोन वर्षं थांबता का, महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत सांगा. मला काय हवं होतं ते सरळ सांगते, लाजायचं कशाला. मला यांनी नाही म्हणायला हवं होतं. मला नवरा घरात हवा होता. दुपारचा चहा दोघांनी मिळून प्यावा, मी कापड कापताना दुसरं टोक यांनी धरावं, एवढीच माझी मोठी स्वप्नं. पण विचारलं की उत्तर एकच, "बघू." आठ दिवस मी ते बघू ऐकलं. आणि मग पेपरात त्या जहाजाची जाहिरात आली. तीन दिवस, दोन रात्री, आमच्यासारख्यांना परवडेल असं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, समुद्रात मोबाइलला रेंज मिळणार नाही. ते वाचलं आणि मी तिकिटं काढली.

जहाजाला नाव एखाद्या महाराणीचं. सोनेरी अक्षरं. जवळ गेल्यावर त्यातली दोन पडलेली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! बंदरावर तीन तास रांग. रांग संपली म्हणून आनंदाने पुढे गेलो तर ती फक्त पुढच्या रांगेत उभं राहायची रांग होती. आमच्या बॅगा त्यांच्या माणसाने चढवल्या, त्या संध्याकाळपर्यंत आल्याच नाहीत. मी आपली कपाळावर आठ्या चढवून उभी. आणि हे? यांनी जहाजात शिरताच इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "चार लिफ्ट आहेत. दोन जुन्या." एवढंच. फोन बंद झाला, तर आता डोळे आणि कान त्याच कामाला. जित्याची खोड.

आमची खोली अगदी खाली, इंजिनाच्या डोक्यावर. दोन माणसं एका वेळी उभी राहिली तर एकाने श्वास सोडायचा आणि दुसऱ्याने घ्यायचा. पलंग एकावर एक. म्हणजे एकतीस वर्षांच्या संसारानंतर मी खाली आणि नवरा शिडी चढून वर. पण भिंतीवर मोठा निळा पडदा होता, दोन पदरी, छान. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, खिडकी तरी आहे. झपकन ओढला. मागे प्लायवुड! नुसतं प्लायवुड, त्यावर कुणीतरी पेन्सिलीने काढलेली दोन मापं. मी तीस वर्षं पडदे शिवतेय, शेकडो घरांत जाऊन खिडक्या मोजल्यात. खिडकी नसताना पडदा लावायची अक्कल कुणाला सुचली असेल? आणि पडद्याची खालची शिलाईसुद्धा उसवलेली.

"अहो, बघितलंत का?" मी म्हटलं.

"बरं," हे म्हणाले.

त्या दिवशी अजून काय काय कळलं! पोहण्याचा तलाव होता, पण वर जाळी टाकलेली, दुरुस्ती चालू आहे अशी पाटी, आणि पाटीसुद्धा जुनी, रंग उडालेली. डेकवरच्या खुर्च्यांवर लोकांनी आधीच टॉवेल टाकून ठेवलेले, माणूस एकही नाही. चहा म्हणाल तर एका यंत्रातून, ठरलेल्या वेळेत. आपण कप धरला की यंत्र आधी घसा खाकरणार, मग अर्धा कप कोमट पाणी. खुर्ची हवी, वेगळे पैसे. चादर जास्तीची हवी, वेगळे पैसे. भोंग्यावर एक बाई दर पंधरा मिनिटांनी आनंदाने किंचाळून कसली तरी सवलत सांगायची. आणि सगळ्यात कहर म्हणजे हे जहाज कुठे जातच नव्हतं. मी समजले दुसरं एखादं बंदर दाखवतील. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने सांगितलं, "अहो ताई, हे समुद्रात एक चक्कर मारून परत तिथेच येतं." बघा! पैसे भरून आम्ही तीन दिवस जाग्यावर फिरणार होतो.

तरी मी म्हटलं, असू दे. आपल्याला काय जग बघायचंय? आपल्याला एक उत्तर हवंय. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या रांगेत चाळीस मिनिटं उभं राहून दोन ताटं मिळाली. उकडलेले बटाटे, पाव, आणि एक सूप, ज्याला मी पाणी म्हणणार होते पण पाण्याला राग आला असता. कोपऱ्यातलं टेबल मिळालं. तिथून समुद्र दिसत होता. खराखुरा. मी मनाची तयारी केली, हातातला पाव खाली ठेवला.

"अहो," मी म्हटलं, "सोमवारी काय सांगणार तुम्ही?"

यांनी माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. तोंड उघडलं. मला खरंच वाटलं, आता. आता येतंय काहीतरी. माझं काळीज धडधडायला लागलं, या वयात!

"ती डावीकडची लिफ्ट," हे म्हणाले, "आज ना उद्या बंद पडणार. दार लागताना ऐक. घासतंय."

माझं डोकंच फिरलं. मी काय बोलले ते सगळं सांगत नाही, आजूबाजूच्या चार टेबलांनी ऐकलंय तेवढं पुरे. शेवटी म्हणाले, "तुम्ही त्या लिफ्टशीच लग्न करायचं होतंत. निदान ती बंद पडली की तुम्ही तिच्याकडे बघितलं तरी असतं!" ताट तिथेच टाकलं आणि निघाले. डोळ्यांत पाणी, पुढचं धड दिसेना. समोर लिफ्ट उघडी दिसली, शिरले आणि बटण दाबलं. दार लागलं. घासत लागलं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ही डावीकडची. लिफ्ट थोडी खाली गेली, एक गचका बसला आणि थांबली. दिवा गेला, मग एक पिवळा, मिणमिणता दिवा लागला. लिफ्टवाल्याची बायको, नवऱ्याने दोन मिनिटांपूर्वी सांगितलेल्या लिफ्टमध्ये स्वतःच्या पायांनी चालत जाऊन अडकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

आत आम्ही तिघं. एक टोपीवाली बाई, टोपी एवढी मोठी की ती एकटीच दोन माणसांची जागा अडवत होती. आणि काठी घेतलेले एक आजोबा, ऐंशीच्या पुढचे. बाईने घंटेचं बटण दाबलं. वर भोंग्यातून तीच कालची आनंदी बाई म्हणाली, आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात, कृपया प्रतीक्षा करा. मग गाणं लागलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. दहा मिनिटं गेली. आजोबांच्या कपाळावर घाम आला. "हवा संपेल का हो?" त्यांनी विचारलं. टोपीवाली म्हणाली, "आपण दार उघडून बघू या." आणि बोटं घालून दार ओढायला लागली. मला माहीत होतं की हवा संपत नाही, आणि दार ओढायचं नसतं. माणसं अडकून मरत नाहीत, बाहेर यायच्या घाईत मरतात, हे यांनी मला एकदा सांगितलं होतं. तेही जेवताना. पण सांगायचं कुणी? मीच घाबरले होते.

आणि मग दारावर ठोकलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"आत किती जण आहात?" बाहेरून आवाज आला.

आवाज आमच्या यांचाच, पण असा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. सावकाश, मऊ, जवळचा. मी आत आहे हे यांना माहीत नव्हतं. यांना वाटत असणार मी रागावून खोलीत जाऊन पडले. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. का, ते विचारू नका. राग होता. आणि तो आवाज मला आणखी ऐकायचा होता.

"तिघं!" टोपीवाली ओरडली. "दोघी बायका आणि एक आजोबा. आजोबांना बरं वाटत नाहीये!"

"किती वेळ झाला?"

"दहा-बारा मिनिटं!"

"ठीक. आधी दार सोडा, ताई. लिफ्ट पडत नाही आणि हवा संपत नाही, हे दोन्ही मी लिहून देतो. जहाजाचा मिस्त्री वर मशीनपाशी गेलाय. त्याला वेळ लागेल, पण होईल. मी इथेच आहे. कुठे जात नाही. आजोबा, खाली बसता येईल? बसा. आणि एक हात दारावर ठेवा. ठेवलात? मीही बाहेरून त्याच जागी ठेवलाय."

आजोबा काठी बाजूला ठेवून बसले आणि दारावर हात ठेवला. टोपीवालीने दार सोडलं. मी कोपऱ्यात अंग चोरून उभी.

मग हे बोलायला लागले. अहो, काय बोलले! आजोबा पूर्वी काय करायचे ते विचारलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. मग घड्याळांवर गप्पा. स्प्रिंग कुठली चांगली, धूळ कशी जाते, डोळा कधी दगा देतो. हे हसले. मोठ्याने हसले! मी आत उभ्या उभ्या मोजत होते, या माणसाने वीस मिनिटांत जेवढे शब्द काढले तेवढे माझ्या वाट्याला सहा महिन्यांत आले नाहीत. कुणाचा नवरा आहे हा?

आजोबांचा श्वास जरा ताळ्यावर आला. ते म्हणाले, "तुम्ही इथेच नोकरीला का?"

"नाही हो. मीही प्रवासीच. सुट्टीवर आलोय."

"मग बायको चिडली असेल की!"

"चिडलीच आहे. आत्ताच भरल्या ताटावरून उठून गेली."

"मग जा ना तिच्याकडे."

"तुम्हाला सोडून कसा जाऊ? दाराशी माणूस हवा." हे म्हणाले. "आणि जाऊन सांगू काय? ती विचारते, सोमवारी कंपनीला काय सांगणार. मी मागच्याच आठवड्यात सांगून बसलोय. नको म्हणून."

माझा हात आपोआप भिंतीवर गेला. नको म्हणाले! मागच्याच आठवड्यात! आणि मी इथे रांगेत उभी राहून, प्लायवुडची खिडकी बघत, पाण्याचं सूप पीत उत्तराची वाट बघतेय. असा राग आला, आणि त्या रागात असा आनंद झाला, की मला हसू का रडू कळेना.

"मग हे तिला सांगायचं सोडून तुम्ही इथे दारावर हात ठेवून काय बसलाय?" आजोबा म्हणाले. भीती गेली होती त्यांची, चांगले खडसावत होते.

"भीती वाटते," हे म्हणाले. "उद्यापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ मी घरात. ती समोर. तिच्याशी बोलायचं म्हटलं की मला काही सुचत नाही, आजोबा. इथे सोपं असतं. आतल्या माणसाला काय हवंय ते ठाऊक असतं, त्याला बाहेर यायचं असतं. तिला काय हवंय, ते तिच्या तोंडाकडे बघून मला कधी ओळखता आलं नाही. चुकेन म्हणून गप्प बसलो. मग गप्प बसायची सवय लागली. खोटं कशाला बोलू, एवढी वर्षं कॉलवर जात होतो ना, त्यातले निम्मे माझे नव्हतेच. दुसऱ्यांचे मागून घ्यायचो. तिचं ऑपरेशन होतं तेव्हाही माझी सुट्टी मंजूर होती. मीच ऑफिसात फोन केला, म्हटलं एखादा कॉल असला तर मला द्या."

टोपीवाली "अगंबाई" म्हणाली. त्या दिवशी कोरड्या घशाने मान हलवली होती मी. बरोबर आहे, जायलाच हवं. कुणीतरी अडकलंय. दहा वर्षं मी ती गोष्ट लोकांना कौतुकाने सांगत आले. कौतुकाने!

वरून ब्रेक सुटल्याचा आवाज झाला. लिफ्ट बोटबोटभर खाली येत येत थांबली. यांनी बाहेरून दार उघडलं. आधी आजोबांना हात देऊन उठवलं, मग टोपीला वाट करून दिली. आणि मग मी दिसले.

यांचा चेहरा असा झाला, की एरवी मला दया आली असती.

"तू?" हे म्हणाले.

"मी," मी म्हटलं.

आजोबा एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत म्हणाले, "मघाशी म्हणालात त्या ह्याच का?" टोपीवालीला तर अशी मजा वाटत होती की तिच्याकडे बघून मला तिच्या टोपीवर बसावंसं वाटलं. मी सरळ वळले. जिन्याने खाली निघाले, पाच मजले, आणि हे मागोमाग.

खोलीत आल्यावर मी वळून उभी राहिले. दोघांच्या मधे एक हात जागा. "ऑपरेशनच्या दिवशी का गेलात?" मी विचारलं. हे पडद्याकडे बघत राहिले. "त्या म्हाताऱ्याला सगळं सांगता येतं, मला नाही? बोला ना! आता तर कुणी अडकलेलं नाहीये!" यांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"चहा आणू?" हे म्हणाले.

चहा! त्या यंत्रातला! मी बाथरूममध्ये शिरले, दार आपटलं, कडी घातली आणि कमोडचं झाकण टाकून त्यावर बसले. कपाटाएवढी जागा, गुडघे दाराला टेकायच्या बेतात. तिथे मी रडले. मनसोक्त रडले. मग नळ सोडला, तर त्यालाही पाणी नव्हतं.

बराच वेळ बाहेर काही आवाज नव्हता. मला वाटलं, गेले वाटतं. गेलेच असतील वर, लिफ्ट बघायला. मग दारावर ठोकलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"आत किती जण आहात?"

"थट्टा करताय माझी?" मी ओरडले.

मग तोच आवाज आला, लिफ्टच्या दाराशी ऐकलेला, सावकाश. पण या वेळी जरा कापत होता.

"सगळे बरे आहेत?"

"नाही," मी म्हटलं.

"किती वेळ झाला?"

"एकतीस वर्षं."

बाहेर धप्प आवाज झाला. हे खाली बसले असावेत, दाराला पाठ लावून, कारण दार जरा आत आलं आणि माझ्या गुडघ्यांना लागलं. मी गुडघे काढून घेतले नाहीत.

"तुला आत नेलं ना," हे म्हणाले, "तेव्हा ते मोठं दार लागलं. मी बाहेर बाकावर बसलो. सवयीने उठून दाराशी गेलो. ठोकायला हातही उचलला. तर नर्स म्हणाली, इथे ठोकायचं नाही, इथे थांबायचंही नाही. आत तू, आणि मला विचारता येईना बरी आहेस का. किती वेळ झाला, तेही कुणी सांगेना. जीव घाबरा झाला माझा. मला दुसरं कुठलंतरी दार हवं होतं, ज्याच्या आतला माणूस उत्तर देईल. म्हणून पळालो. चुकलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तू मान हलवलीस असं माझी बहीण म्हणाली, आणि मग सांगायचं धाडसच झालं नाही."

मी ओढणीचं टोक तोंडात धरून ऐकत होते. राग गेला असं नाही. राग होताच, अजून आहे. पण सलग एवढी वाक्यं, आणि सगळी माझ्यासाठी!

तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. भिंतीवरचा, जहाजाचा. मी श्वास रोखला. हे उठले, दार परत जागेवर गेलं. रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला.

"हो, मीच. पुन्हा थांबली? आत कोणी आहे का? नीट बघा, आत माणूस आहे का? नाही ना. मग मेन बंद ठेवा आणि पाटी लावा. नाही, मला येता येणार नाही." हे थांबले. पलीकडचा काहीतरी अजिजीने बोलत असणार. मी कान दाराला लावला.

"नाही हो," हे म्हणाले. "इथे एक जण आत आहे."

रिसीव्हर ठेवला. पावलं परत आली. पुन्हा धप्प, पुन्हा दार माझ्या गुडघ्यांना लागलं.

"आहेस ना?" यांनी विचारलं.

कडीवर माझा हात होता. मी ती काढली नाही.

"आहे," मी म्हटलं. "बोला."